'पब्लिकन' म्हणजे जकातदार की पबवाला? मराठीत नेमका शब्द कोणता?

स्मिता_लीड्स

नमस्कार मंडळी,

आई नगरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. आमच्या घरात चार पिढ्यांपासून मराठी बायबल वाचलं जातं. आईला त्यातले कितीतरी भाग तोंडपाठ आहेत. इथल्या चर्चमध्ये जुन्या इंग्रजी भाषांतराची मोठ्या अक्षरांची प्रत मिळाली, तर ती रोज मराठीशी ताडून वाचत बसते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पब आहे. मालक साठीचे, भले गृहस्थ. थंडीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारी बोलावून गरम सूप देतात. रस्त्यात भेटले तेव्हा माझ्या नवऱ्याने आईशी ओळख करून देताना त्यांना 'आमचे पब्लिकन' म्हटलं. आई तिथे काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "अगं, इतक्या चांगल्या माणसाला जकातदार काय म्हणता? पब्लिकन म्हणजे मत्तय, पब्लिकन म्हणजे जक्कय. पापी लोकांच्या जोडीला बसवलेला शब्द आहे तो."

(मत्तय हा येशूचा शिष्य, आणि बायबलमधले हे दोघेही जकातदार.) मला उत्तर देता आलं नाही. त्यातच मी इथल्या स्थानिक इतिहास मंडळासाठी 1861 च्या जनगणनेच्या याद्या उतरवून काढते आहे. व्यवसायाच्या रकान्यात दर दोन पानांआड 'पब्लिकन' येतं. मंडळात आणखी दोघी मराठी आहेत, त्यांच्यासाठी मराठी टिपण करायचं आहे आणि मी याच शब्दापाशी अडले आहे.

हा एकच शब्द आहे की दोन? आणि मराठीत काय लिहू?

---

गोदाकाठ

माझा अंदाज असा, की पबवाला गिऱ्हाइकाकडून दारूवरचा कर घेऊन सरकारला भरतो, म्हणजे तोही एका अर्थी कर वसूल करणाराच. त्यावरून जुनं नाव त्याला चिकटलं असावं. जाणकारांनी सांगावं.

---

जुनी_नाणी

गोदाकाठ, हा अंदाज बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, पण तो बरोबर नाही. त्याकडे नंतर येतो. आधी रोम, कारण मूळ तिथे आहे.

लॅटिनमध्ये 'पूब्लिकुम' म्हणजे राज्याच्या मालकीचं, सार्वजनिक उत्पन्न. त्या उत्पन्नाशी व्यवहार करणारा तो 'पूब्लिकानुस'. हा सरकारी नोकर नव्हता, खाजगी ठेकेदार होता. गणराज्याच्या काळात रोमकडे कर गोळा करणारी स्वतःची नोकरशाही जवळजवळ नव्हतीच. सैन्याला धान्य-कपडे पुरवणं, देवळं-रस्ते बांधणं, खाणी चालवणं, जकात गोळा करणं ही कामं लिलावाने दिली जात. साधारण दर पाच वर्षांनी निवडले जाणारे 'सेन्सॉर' हे अधिकारी लिलाव मांडत. करवसुलीचा लिलाव जो जास्तीत जास्त रक्कम कबूल करेल त्याचा. तेवढी रक्कम राज्याला द्यायची, त्यावर जे सुटेल ते आपलं.

म्हणजे सुरुवातीला हा शब्द शिवी अजिबात नव्हता. इ.स.पू. 215 मध्ये हॅनिबलशी युद्ध चालू असताना खजिना रिकामा झाला. स्पेनमधल्या फौजेला रसद पाठवायला पैसे नव्हते. तेव्हा 19 माणसांच्या तीन कंपन्या उधारीवर माल पाठवायला पुढे आल्या. अटी दोन: आम्हाला लष्करी सेवेतून सूट द्या, आणि समुद्रात वादळाने किंवा शत्रूमुळे माल बुडाला तर नुकसान राज्याचं. रोमने मान्य केलं आणि रसद पोचली.

पण तीनच वर्षांनी त्या दुसऱ्या अटीचं काय झालं ते उघड झालं. पोस्टुमियुस नावाच्या ठेकेदाराने मोडकी गलबतं थोडासा माल भरून मुद्दाम बुडवली आणि भरपाई मात्र भरगच्च मालाची मागितली. खटला उभा राहिला तेव्हा ठेकेदारांच्या टोळक्याने घुसून मतदानच उधळलं. आपण आज विम्याचे घोटाळे वाचतो, तसाच हा बावीसशे वर्षांपूर्वीचा, नावानिशी नोंदलेला.

---

मृण्मयी_व

वा! पण मग जकातदार इतका तिरस्काराचा धनी कसा झाला? एका घोटाळ्याने अख्ख्या पेशाचं नाव जात नाही.

---

जुनी_नाणी

मृण्मयी, प्रश्न रास्त आहे. घोटाळ्यांपेक्षा रचनाच तशी होती.

इ.स.पू. 123 च्या सुमारास गायुस ग्राक्खुस या रोमन पुढाऱ्याने दोन गोष्टी केल्या. आशिया प्रांताचा, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानचा, दशमांश कर थेट रोममध्ये लिलावाला काढला. त्यामुळे तो ठेका फक्त बड्या भांडवलवाल्या कंपन्यांनाच झेपू लागला. आणि प्रांतात लूट करणाऱ्या सुभेदारांवर खटले चालवणाऱ्या न्यायालयात ज्युरी म्हणून 'अश्वारूढ' या सिनेटच्या खालोखालच्या श्रीमंत वर्गातली माणसं बसवली. हे ठेकेदार याच वर्गातले. आता विचार करा: सुभेदाराने ठेकेदाराला आवर घातला, तर घरी परतल्यावर त्याचा न्याय करायला ठेकेदाराचेच भाऊबंद.

रुटिलियुस रुफुस या रोमन अधिकाऱ्याचं तसंच झालं. आशियात त्याने या कंपन्यांना लगाम घातला. इ.स.पू. 92 मध्ये त्याच्यावरच लुटीचा आरोप ठेवून त्याला दोषी ठरवलं. तो हद्दपार झाला आणि राहायला गेला कुठे, तर ज्या प्रांताला त्याने लुटलं म्हणत होते तिथेच. तिथल्या स्मिर्ना शहराच्या लोकांनी त्याला सन्मानाने ठेवून घेतलं. मला वाटतं रोमच्या इतिहासात याहून स्पष्ट निकाल कुठल्या न्यायालयाने दिला नसेल.

चारच वर्षांनी, इ.स.पू. 88 मध्ये, रोमचा शत्रू असलेल्या मिथ्रिदातेस राजाने आशियातल्या रोमन आणि इटालियन लोकांना मारून टाकण्याचा हुकूम दिला. प्राचीन लेखक 80,000 मृत सांगतात. आकडा फुगवलेला असेल, पण शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना पकडून दिलं हे खरं, आणि त्यामागे या वसुलीचा राग मोठा होता. पुढे रोमन सेनापती सुल्लाने प्रांतावर 20,000 टॅलेंटचा (टॅलेंट हे चांदीचं मोठं वजनी माप) दंड बसवला. तो भरायला शहरांनी ठेकेदार-सावकारांकडून कर्ज काढलं. प्लुटार्क हा प्राचीन चरित्रकार सांगतो की दामदुप्पट भरूनही व्याजावर व्याज चढून ते कर्ज 1,20,000 टॅलेंटवर गेलं. लोकांनी मुलं विकली, देवळातल्या वस्तू विकल्या. नंतर आलेल्या लुकुल्लुस या रोमन सेनापतीने व्याज महिना एक टक्क्यावर आणलं, चार वर्षांत बहुतेकांची सुटका केली, आणि त्याबद्दल रोममधल्या या मंडळींनी त्याच्या मागे हात धुऊन लागण्याचं ठरवलं.

---

वसईकर_काका

स्मिता, तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. 'परूशी आणि जकातदार' हा येशूने सांगितलेला दाखला (परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) मी पन्नास वर्षं ऐकतो-सांगतो आहे. मंदिरात परूशी आपले उपास आणि दशमांश मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहायचंही धाडस करत नाही, एवढंच म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. म्हणजे शब्द पाप्यांच्या जोडीला बसवला हे खरं, पण बायबलमध्ये त्याची बाजूही तितकीच भक्कम आहे. जक्कय तर झाडावरून उतरला आणि म्हणाला, कोणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो.

मूळ ग्रीक शब्द 'तेलोनेस' आहे. 'तेलोस' म्हणजे कर, त्याचा वसूल करणारा. लॅटिन भाषांतरात त्याचं 'पूब्लिकानुस' झालं, तिथून जुन्या इंग्रजीत 'पब्लिकन' आलं. लूथरने जर्मनमध्ये 'त्सोल्नर' लिहिलं, म्हणजे नाक्यावरचा जकातवाला. आपल्या मराठी भाषांतरकारांनीही 'जकातदार'च घेतलं, लॅटिनच्या वाटेने गेले नाहीत. मत्तय जकातनाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला बोलावलं हे वाचताना मराठी माणसाला नाका डोळ्यांसमोर दिसतो. इंग्रजी वाचकाला दिसत नाही, त्याला तळटीप लागते. म्हणूनच नव्या इंग्रजी बायबलांनी 'पब्लिकन' सोडून सरळ कर गोळा करणारा असं लिहिलं.

---

जुनी_नाणी

काकांशी पूर्ण सहमत. उलट पुढे जाऊन म्हणेन, 'जकातदार' हे 'पब्लिकन'पेक्षा अचूक आहे.

कारण येशूच्या काळात त्या भागात ते जुने बडे रोमन ठेकेदार नव्हतेच. सीझरने इ.स.पू. 40 च्या दशकात आशियात शेतसाऱ्यावरची त्यांची पकड काढून घेतली आणि यहुदियातही वसुलीची व्यवस्था बदलली. पुढे बादशाही आली तशी जमीन आणि डोईवरचा कर अधिकारी आणि स्थानिक पंच गोळा करू लागले. ठेक्यावर राहिली ती मुख्यतः जकात. कफर्णहूम गालीलात, आणि तिथली सत्ता हेरोद अंतिपाची. म्हणजे मत्तय रोमचा ठेकेदार नव्हे, हेरोदाच्या हद्दीतल्या नाक्यावरचा स्थानिक माणूस. जक्कयला 'मुख्य जकातदार' म्हटलंय, तो यरीहोसारख्या व्यापारी वाटेवरच्या गावी छोटा ठेका घेणारा असेल. रोममध्ये बसून अख्ख्या प्रांताचा लिलाव घेणारा श्रीमंत आणि नाक्यावर गोणी उघडून बघणारा माणूस यांना लॅटिन भाषांतराने एकाच शब्दात कोंबलं.

आणि लोकांचा राग कायम नाक्यावरच्या माणसावर. इ.स.पू. 60 मध्ये इटलीतली जकात रद्द झाली, तेव्हा रोमन वकील आणि पुढारी सिसेरोने भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवलंय की लोकांची तक्रार जकातीबद्दल तितकी नव्हती, जितकी वसुली करणाऱ्यांच्या जाचाबद्दल होती. हाच सिसेरो भर न्यायालयात ठेकेदारांना रोमन समाजाचं भूषण म्हणत असे. त्याला त्यांची मतं आणि पैसा हवा होता.

---

पैठणी_धागा

यात आपलाही एक धागा आहे.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. पैठणहून अकीक, तेरहून कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला नेत, तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे. त्याच पुस्तिकेत तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरात मालावर चौथा हिस्सा घेणारा अधिकारी बसतो असं लिहिलंय. दुसऱ्या शतकातला एक पपायरस आहे, केरळातल्या मुझिरिसहून आलेल्या 'हर्मापोलोन' नावाच्या जहाजाच्या मालाचा, त्यातही हीच 25 टक्के जकात दिसते. रोमन साम्राज्याच्या आतल्या सीमांवर जकात साधारण 2 ते 2.5 टक्के. पूर्वेच्या मालावर त्याच्या दहापट!

आणि हा तांबड्या समुद्राचा ठेका एकेकाळी ज्याने घेतला होता त्याचं नावही माहीत आहे: आन्नियुस प्लोकामुस. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की त्याचा एक मुक्त केलेला गुलाम अरबस्तानाजवळ वाऱ्यात सापडला आणि पंधराव्या दिवशी थेट सिंहलद्वीपाला जाऊन लागला. तिथल्या राजाने त्याला सहा महिने ठेवून घेतलं. प्लोकामुसच्या दुसऱ्या एका माणसाचा, लिसासचा, लेख इजिप्तच्या वाळवंटात सापडला आहे, इ.स. 6 मधला. तेरच्या विणकराने हे नाव कधी ऐकलं नसेल, पण त्याच्या मलमलीची अलेक्झांड्रियातली किंमत अशाच माणसांनी ठरवली.

---

टेम्सकाठचा

आता पबकडे.

इंग्रजीत 'पब्लिकन' बायबलमधून बाराव्या-तेराव्या शतकापासून जकातदार या अर्थी आहे. पबमालक हा अर्थ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागतो. तो 'पब्लिक हाऊस' वरून, म्हणजे सर्वांना खुलं असलेलं घर. त्याचा आखूड झालेला 'पब', आणि चालवणारा 'पब्लिकन'. बनावट मात्र जुन्या शब्दासारखीच निघाली, कारण तो शब्द दर रविवारी कानावर पडत होता. दारूवरच्या कराचा संबंध नाही, त्यामुळे गोदाकाठ यांचा तर्क इथे लागू पडत नाही. मूळ धातू एक, 'सार्वजनिक', पण एक सार्वजनिक पैशातून निघाला आणि दुसरा सार्वजनिक घरातून.

स्मिता, जनगणनेसाठी एक उपयोगी गोष्ट. इंग्लंडमध्ये 1552 च्या कायद्यापासून एल (बिअरचाच एक प्रकार) विकायला न्यायाधीशांचा परवाना आणि चांगल्या वागणुकीची जामीनकी लागे. 1830 च्या कायद्याने मात्र कोणाही करदात्याला दोन गिनी भरून फक्त बिअर विकायची मुभा मिळाली, न्यायाधीशांकडे जायचं कारण उरलं नाही. हजारो लोकांनी घराची पुढची खोलीच बिअरघर केली. म्हणून तुझ्या यादीत 'पब्लिकन' किंवा 'लायसन्स्ड व्हिक्चुअलर' वेगळा दिसेल आणि 'बिअर रिटेलर' वेगळा. पहिल्याला सगळी दारू विकायचा पूर्ण परवाना, दुसऱ्याला फक्त बिअर. मराठीत दोघांना एकच शब्द वापरलास तर हा फरक पुसला जाईल. आणि पुष्कळदा एकाच माणसापुढे 'पब्लिकन आणि शेतकरी', 'पब्लिकन आणि लोहार' असं असतं, तेही तसंच ठेव.

---

स्मिता_लीड्स

'पब्लिकन आणि लोहार' खरंच आहे माझ्या यादीत! एका विधवा बाईंच्या नावापुढेही 'पब्लिकन' आहे. नवऱ्यामागे परवाना त्यांनी चालवला असणार. सगळ्यांचे आभार. पण मराठी शब्द अजून मिळाला नाही.

---

मांजराकाठी

मी लातूरकडची. सकाळपासून धागा वाचतेय आणि एक शब्द डोक्यातून जात नाही: गुत्ता.

पुण्या-मुंबईच्या लोकांना 'गुत्ता' म्हटलं की फक्त दारूचं दुकान आठवतं. आमच्याकडे गुत्ता म्हणजे ठेका. सरकारी रस्ता बांधणारा तो गुत्तेदार. खुरपणी रोजानं न देता एकरावर ठरवून दिली तर ती 'गुत्त्यानं दिली'. माझी आई बायकांची टोळी घेऊन शेतात जायची, ती 'गुत्तं घेतलंय' असंच म्हणायची. शेजारच्या तेलुगूतही गुत्त म्हणजे ठेकाच.

आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. तिथे शिंदी आणि दारू विकायचे हक्क लिलावाने जात. ज्याने दारूचा गुत्ता घेतला त्याचं दुकान ते दारूचा गुत्ता. पुढे 'दारूचा' गळालं आणि नुसता गुत्ता उरला. हिंदीतही बघा, ठेका म्हणजे कंत्राट आणि ठेका म्हणजे दारूचं दुकान.

म्हणजे इंग्रजीत करवसुलीचा ठेकेदार आणि दारूवाला हे एका शब्दात योगायोगाने आले. आपल्याकडे तो खरोखर एकच माणूस होता.

---

जुनी_नाणी

मांजराकाठी, हा प्रतिसाद वाचून मी उठून उभाच राहिलो. इतकी वर्षं हा विषय वाचतो, पण गुत्ता हा शब्द इथे आणून ठेवायचं सुचलं नव्हतं.

आणि हे फक्त निजामाकडे नव्हतं. मुंबई इलाख्यातही दारूच्या उत्पन्नाचा मक्ता लिलावाने जाई. 1878 च्या आबकारी कायद्यानंतर सरकारने गाळप मोठ्या भट्ट्यांत आणलं, आणि जिल्ह्याचा मक्ता घेणारा किमान महसुलाची हमी देऊन विक्रीचा एकाधिकार घेऊ लागला. त्याचं नुकसान होऊ नये म्हणून घरी मोहाची गाळणाऱ्या आदिवासीवर खटला. 1892 मध्ये तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधनं आली. आपल्या झाडाखालची फुलं वेचली म्हणून गुन्हा! ठेकेदाराने कबूल केलेली रक्कम वसूल व्हावी म्हणून राज्याचा कायदा त्याच्या मागे उभा राहतो, हे अगदी आशिया प्रांतासारखं.

त्याआधी दुसऱ्या बाजीरावाच्या अमलातही मामलती लिलावात जात. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात लिहिलंय की पूर्वी अनुभवी, भरवशाच्या माणसाला मिळणारं मामलतदाराचं काम पेशव्याच्या भोवतालच्या लोकांत जास्त बोलीला दिलं जाऊ लागलं. (एल्फिन्स्टन विजेत्यांच्या बाजूचा, हे लक्षात ठेवून वाचावं. पण लिलावाची गोष्ट खरी आहे.) मक्त्यावरून आपल्याकडे 'मक्तेदारी' आला, आणि तो शब्द आजही कोणी कौतुकाने वापरत नाही.

---

गोदाकाठ

म्हणजे माझा तर्क इंग्लंडला लागू नव्हता, पण मराठवाड्याला होता. मांजराकाठी यांचे मनापासून आभार.

---

मृण्मयी_व

मग स्मिताताईंनी पबवाल्याला 'गुत्तेवाला' लिहावं का? मला ते पटत नाही. गुत्ता म्हटलं की अंधारी खोली, कळकट बाक आणि घरी वाट बघणारी बायको आठवते. लीड्सचे ते सूप देणारे गृहस्थ त्यात बसत नाहीत. 1861 मधली ती विधवाही नाही.

---

टेम्सकाठचा

मृण्मयीशी सहमत. पूर्ण परवान्यासाठी 'परवानाधारक पबचालक' आणि दुसऱ्यासाठी 'बिअरविक्रेता' लिहावं. रोमन अर्थासाठी 'महसुलाचा मक्तेदार'. बायबलसाठी 'जकातदार' आहेच.

---

वसईकर_काका

बायबलमधला तसाच ठेवा. आमच्या लहानपणी गावाबाहेर जकातनाका होता. आज पंचविशीतल्या मुलांना तो आठवत नाही. मुंबईची जकातही 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा गेली. हल्ली दाखला सांगताना 'जकातदार म्हणजे कोण' हे मलाही आधी सांगावं लागतं. तरी शब्द बदलू नये असं मला वाटतं.

---

स्मिता_लीड्स

टेम्सकाठचा यांनी सुचवलेले शब्द टिपणात घेतले. त्या विधवेपुढे 'पबचालक' लिहिलं आहे आणि कंसात 1861 च्या नोंदीतला मूळ शब्द देवनागरीत.

काल संध्याकाळी आईला सगळा धागा वाचून दाखवला. रुटिलियुसचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मोहाच्या फुलांचं दोनदा वाचायला लावलं. तिची आजी अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची, तिच्याकडे मोहाची फुलं वाळवून भाकरीत घालत, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

आज दुपारी ती माझ्याबरोबर पबपर्यंत आली. आत नाही आली, दारातच उभी राहिली. दारावर मालकांच्या नावाची परवान्याची पाटी आहे, ती चष्मा लावून पूर्ण वाचली. मग ते बाहेर आल्यावर घरून आणलेला शंकरपाळ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला.